पहिल्या पानावरची इंदिरा

मित्रांनो, आधी माझ्या वरच्या कोपऱ्याकडे पाहा. तो कात्रीने कापलेला आहे. आता पहिले पान उलटा. त्यावर जांभळ्या शाईचा एक आडवा ठसा दिसेल: 'निरस्त'. आमच्या इंदूरला रद्द झालेल्या कागदावर हाच शब्द मारतात. मी एक जुने पासबुक आहे आणि बँकेच्या लेखी मी आता उरलेले नाही. पण बँकेचे सोडा. ठशाखालचे नाव अजून स्वच्छ वाचता येते, आणि त्या नावाचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. शंभर भावंडांच्या गठ्ठ्यात, सुतळीने आवळलेले, मी बडा गणपतीजवळच्या एका शाखेत आले. माझा पुठ्ठा निळा होता, पाठीला कापडी पट्टी होती आणि पाने अशी कोरी करकरीत, की हात फिरवणाऱ्याला आवाज येई. शेजारच्या खणात चेकबुके राहत. त्यांना भारी तोरा. पण एकेक पान फाडून दिले की संपली त्यांची ऐट! आम्हा पासबुकांचे एकही पान कोणी फाडत नाही, याचा मला तेव्हा फार गर्व होता.

सन १९९३च्या थंडीत एक उंच गृहस्थ आपल्या वीस वर्षांच्या मुलीला घेऊन खिडकीशी आले. त्यांचे नाव उदयसिंह जगदाळे. त्यांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते म्हणे. उदयसिंहजींकडे घोडा नव्हता, सायकल होती, पण बसायची ऐट तीच. परदेशीपुऱ्यातल्या एका कापड गिरणीत ते हजेरीबाबू होते. मुलीचे नाव इंदिरा. घरात तिला सगळे इंदू म्हणत. मीही तिला इंदूच म्हणणार. बँक काय म्हणते ते बँकेपाशी.

त्या काळी यंत्रे नव्हती. मोत्यासारखे अक्षर असलेल्या एका बाबूंनी माझ्या पहिल्या पानावर टाकाने लिहिले: 'इंदिरा पिता उदयसिंह जगदाळे'. आमच्याकडे कागदोपत्री असेच लिहितात. लग्नाआधी 'पिता', लग्नानंतर 'पति'. त्या नावाखाली इंदूने सही केली. नवी नवी सही होती. शेवटच्या काठीला तिने विनाकारण एक झोकदार वळण दिले आणि वडिलांकडे पाहून हसली.

त्या खात्यावर बाप-लेकीने मिळून एक लॉकर घेतला. त्यात ठेवायला होते तरी काय? इंदूच्या आईची, कौसल्याबाईंची मोत्यांची नथ, लाल फडक्यात गुंडाळलेली. बस. तेवढ्यासाठी उदयसिंहजींनी अट घातली की लॉकर दोघांच्या सहीशिवाय उघडायचा नाही.

बाबू समजावू लागले, "अरे साहब, 'दोनों में से कोई एक' लिखवा लो. बिटिया कल को ससुराल चली जाएगी, तो आपको ही दिक्कत होगी."

"इसीलिए तो," उदयसिंहजी म्हणाले. "दोनों की दस्तखत रखो. फिर आना पड़ेगा उसको."

आता हजेरीबाबू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. पाळी सुरू होताना गिरणीच्या फाटकाशी उभे राहून ते कामगारांची नावे पुकारत. त्यांचे दोन नियम होते. मस्टरवर जे नाव, तेच तोंडात. कोणाला 'ए लंबू' नाही, 'ए पहिलवान' नाही. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आणि दुसरा नियम, नाव दोनदाच पुकारायचे. दोनदा पुकारूनही 'हाजिर' आले नाही, तर लाल शाईची खूण आणि फाटक बंद. मग तो धावत येवो की रडत येवो.

घरीही तेच. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून ते दारातूनच ओरडत, "इंदिरा पिता उदयसिंह!" आणि लहानगी इंदू असेल तिथून, कधी गच्चीवरून, कधी मोरीतून, तोंडाला साबण लागलेला असताना ओरडे, "हाजिर!" मी तेव्हा जन्मले नव्हते. पण कौसल्याबाईंनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे, की तो साबण मला दिसतो.

दोन वर्षांनी इंदूचे लग्न ठरले. महूचे मोहिते, मुलगा दिवाकर, लष्करी हिशेब कार्यालयात नोकरीला. चांगली माणसे होती. लग्नात आपल्याकडची रीत झाली. ताटात तांदूळ पसरले आणि नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहिले: शालिनी. साखर वाटली गेली. ती साखर वाटायला उदयसिंहजीच उभे होते. सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत ते म्हणत होते, "शालिनी. नाव शालिनी ठेवलं."

मी लग्नाला नव्हते. पासबुकाला कोण घेऊन जाणार! मी लोखंडी कपाटात, लॉकरच्या किल्लीबरोबर एका पिशवीत होते. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई खण-नारळ आत ठेवायला आल्या, तेव्हा उदयसिंहजी मागे उभे होते.

"नाव चांगलं आहे," ते म्हणाले. पण आवाज काही चांगला नव्हता.

"त्यात काय एवढं? मी माहेरची वेणू होते," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुम्हीच तर अंगठीने कौसल्या लिहिलं होतं. माझ्या बाबांना कसं वाटलं, तुम्ही कधी विचारलंत का?"

हजारो माणसांची नावे तोंडपाठ असलेला हा माणूस, पण बायकोचे पहिले नाव विसरला होता. उदयसिंहजींनी मला पिशवीतून काढले, पहिले पान उघडले आणि पाहत राहिले. "बँकेचं राहू दे," ते म्हणाले. "बाकी सगळं त्यांच्या घरचं. एक ठिकाण आपलं राहू दे."

पुढे महूला रेशनकार्ड झाले शालिनीचे. मतदार यादीत शालिनी, आधारवर शालिनी, शाळेतल्या पालकांच्या यादीत शालिनी. कुठेही कायद्याने काही बदलले नाही. एका कागदावरून दुसऱ्यावर नाव आपोआप उतरत गेले. इंदिरा उरली ती फक्त माझ्या पहिल्या पानावर, आणि एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या जिभेवर.

माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस आता ऐका. वर्षातून एकच दिवस, पण तो ठरलेला. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला इंदू माहेरी येई. गिरण्या बंद पडल्या, पण झांक्या काही बंद पडल्या नाहीत, असे आमचे शहर आहे. झांक्यांनंतर बँक उघडली की बाप-लेक लॉकरवर जात. इंदू रजिस्टरात सही करी: इंदिरा. शेवटच्या काठीला तेच झोकदार वळण. लॉकर उघडे, उदयसिंहजी लाल फडके सोडत, मोती रुमालाने पुसत आणि पुन्हा बांधून ठेवत. "नथीला वर्षातून एकदा हवा लागली पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. मग बाहेर येऊन दोघे दुधाची घट्ट, गोड शिकंजी पीत आणि इंदू महूच्या बसमध्ये बसे. झाले वर्षाचे काम.

मला यंत्राने मात्र छळले. संगणक आले, तसे मला छपाईच्या यंत्रात घालून पाहिले. माझे पान अडकले आणि टरकन फाटले. कौसल्याबाईंनी ते कणकेच्या खळीने चिकटवले. नवे पासबुक घ्या असे बँकेने तीनदा सुचवले. उदयसिंहजींनी तीनदा नाही म्हटले. "साल में एक लाइन तो है," ते म्हणत. "हाथ से लिख दो, भिया." आणि लोक लिहून देत. इंदूरचे लोक एकदा आपले म्हटले, की नाही म्हणत नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी कौसल्याबाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावून एकच मागणे मागितले. नात संहिता लग्नाला उभी राहील तेव्हा तिच्या नाकात ती नथ असावी, आणि ती उदयसिंहजींनी आपल्या हाताने द्यावी. उदयसिंहजींनी मान डोलावली. मग त्यांच्या कानाशी वाकून ते काहीतरी म्हणाले. कपाटापर्यंत मला एकच शब्द ऐकू आला. वेणू.

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट सांगताना मला आनंद होतो. पुढची सांगताना होत नाही.

दोन वर्षांपूर्वी संहिताचे लग्न ठरले. मुलगा सार्थक, तिच्याच ऑफिसात. मुहूर्त माघातला निघाला. त्या वर्षी झांक्यांनंतर बाप-लेक बँकेत आले ते नथ काढून न्यायलाच. पण लॉकरचा नवा करारनामा करायचा होता, आणि त्यासाठी ओळखपत्र लागत होते. काउंटरवर सोनल मॅडम नव्याने आल्या होत्या. त्यांनी एका हातात मला धरले आणि दुसऱ्या हातात इंदूचे आधार कार्ड. उदयसिंहजी लांब पंख्याखालच्या बाकावर बसले होते.

"मैडम, हमारे रिकॉर्ड में इंदिरा है, आधार में शालिनी," सोनल मॅडम म्हणाल्या. "सिस्टम के हिसाब से ये दो अलग लोग हैं."

"अरे, तीस साल से मैं ही साइन कर रही हूँ! वो मेरे पिताजी बैठे हैं, पूछ लो उनसे."

"मैं तो मान लूँ. पर कागज नहीं मानेगा."

त्या काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी इंदूला पाणी दिले आणि दोन रस्ते नीट समजावले. एक तर इंदूने आधारपासून सगळीकडे पुन्हा इंदिरा व्हायचे. नाहीतर कायद्याने शालिनी व्हायचे, म्हणजे शपथपत्र, वर्तमानपत्रात सूचना, मग भोपाळचे राजपत्र, आणि ते आणले की बँक आपल्या नोंदीत शालिनी करील. तोपर्यंत लॉकर उघडणार नाही.

इंदू बाकाशी आली. "काय म्हणाली?" उदयसिंहजींनी विचारले.

"काही नाही बाबा, थोडी फॉर्मॅलिटी आहे. मी करून घेते. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

त्या दिवशी नथीला हवा लागली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दोन दिवसांनी दिवाकरराव इंदूला न्यायला आले. उदयसिंहजी बडा गणपतीच्या दर्शनाला गेले होते. कपाट उघडे होते, म्हणून मी सगळे ऐकले.

"दोन रस्ते आहेत ना? मग सोपा धर," दिवाकरराव म्हणाले. "बँकेत शालिनी करून टाक. तुझं आधार, पॅन, माझ्या पेन्शनच्या कागदातलं नाव, हे सगळं बदलत बसलो तर संहिताचं लग्न निघून जाईल."

"आणि बाबा?"

"बाबांना नंतर सांगू. आत्ता उगाच कशाला त्यांना?"

इंदूने माझे पहिले पान उघडले, त्या नावावरून अंगठा फिरवला आणि मला मिटले. "हो," ती म्हणाली, "नंतर सांगू."

मी त्यांना दोष देत नाही. घरात लग्न होते, तारीख जवळ येत होती, आणि बाकी सगळ्या जगाने तिला शालिनी म्हणून कधीच मान्य केले होते. पण मित्रांनो, 'नंतर सांगू' म्हणजे वरातीमागून घोडे. मला ते तेव्हाच कळले होते. कळून काय उपयोग? मला हजार ओळी लिहून ठेवता येतात, एक शब्द बोलता येत नाही.

तिने एक काळजी मात्र घेतली. उदयसिंहजी सकाळी वर्तमानपत्र वाचायला बसले, की पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. म्हणून सूचना तिने दुसऱ्या वर्तमानपत्रात दिली, जे त्यांच्या घरी येत नाही. पण खालच्या मजल्यावर मनीषचे झेरॉक्सचे दुकान आहे, आणि त्याच्याकडे नेमके तेच येते. एका सकाळी तो जिना चढून धापा टाकत वर आला.

"काकासाब! दीदी का नाम अखबार में छपा है!"

त्या भल्या माणसाला वाटले, काही बक्षीस-बिक्षीस मिळाले असेल. उदयसिंहजींनाही तसेच वाटले. त्यांनी लगबगीने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "मैं, इंदिरा पिता उदयसिंह जगदाळे, विवाह उपरांत अपना नाम शालिनी पति दिवाकर मोहिते कर चुकी हूँ. अब से मुझे इसी नाम से..."

तिथे त्यांचा आवाज थांबला. पुढचे त्यांनी मनात वाचले. त्याच पानावर वर श्रद्धांजलीच्या चौकटी होत्या. त्यांची नजर एकदा त्या चौकटींवर गेली आणि पुन्हा खाली आली.

"क्या हुआ, काकासाब? अच्छी खबर नहीं है?"

"अच्छी है," ते म्हणाले. "बैठ, चाय पी के जा."

मनीष गेल्यावर त्यांनी कात्री काढली, तो चौकोन नीट कापला, कपाट उघडले आणि माझ्या शेवटच्या दोन पानांत ठेवून दिला. तीन महिने तो कागद माझ्या पोटात होता. इंदूचा रोज फोन येई. "बाबा, जेवलात का? औषध घेतलं?" उदयसिंहजी म्हणत, "हं. बोल. सगळं ठीक." पूर्वी फोन उचलताच ते 'इंदू' म्हणत. आता कुठलेच नाव घेत नव्हते. लग्नाच्या गडबडीत तिच्या ते लक्षातही आले नाही.

तिने विचारायला हवे होते. त्यांनीही बोलायला हवे होते. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट लहान मुलाहून वाईट. आणि मी तर दोघांचे गुपित पोटात घेऊन अंधारात पडून होते.

जानेवारीत राजपत्र आले. ठरलेल्या दिवशी उदयसिंहजींनी इस्त्रीचा कोट घातला, काळी टोपी घातली, जशी ते फक्त झांक्यांना घालतात. बँकेत यावेळी ते बाकावर बसले नाहीत. काउंटरशी लेकीच्या शेजारी उभे राहिले. सोनल मॅडमनी फॉर्म पुढे केला. त्यावर दोन रकाने होते, जुने नाव आणि नवे नाव. लॉकर दोघांचा, म्हणून खाली दोघांच्याही सह्या हव्या होत्या.

"पासबुक दीजिए," त्या म्हणाल्या.

इंदूने मला उघडले, आणि तो कापलेला चौकोन माझ्यातून घसरून काउंटरवर पडला. इंदूने उचलला. तिने तो ओळखला. ओळखणारच, तिनेच तर मजकूर दिला होता.

"बाबा... तुम्ही हे..."

"वाचलं," उदयसिंहजी म्हणाले. "छान छापलंय."

"मी तुम्हाला सांगणार होते. खरंच सांगणार होते. लग्न झाल्यावर, नंतर..."

"अगं, असू दे. रडू नकोस. लोक बघतायत." त्यांनी खिशातले पेन काढले, टोपण उघडले आणि फॉर्म जवळ ओढला. पण सही करायच्या आधी ते ताठ उभे राहिले. "मॅडम, एक मिनट. एक हाजिरी ले लूँ."

सोनल मॅडमना काही कळले नाही. इंदूला कळले. तिने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

"इंदिरा पिता उदयसिंह!"

ऐंशी वर्षांचा माणूस, पण आवाज फाटकावरचा. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. नोटा मोजायचे यंत्र तेवढे फडफडत राहिले.

इंदूने तोंड उघडले. ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मी तिच्या समोरच काउंटरवर होते, मित्रांनो. मी मनात म्हणत होते, बोल ग पोरी, एकच शब्द आहे, साबण तोंडात असतानाही तू बोलायचीस!

उदयसिंहजी थांबले. फाटकावर जितके थांबत, तितकेच. मग दुसऱ्यांदा, थोड्या हळू आवाजात, "इंदिरा पिता उदयसिंह."

इंदू रडत होती. उत्तर आले नाही.

उदयसिंहजींनी मान हलवली, फॉर्मवर सही केली आणि पेनाचे टोपण लावले. फाटक बंद झाले होते.

पुढचे काम सोपे होते. सोनल मॅडमनी माझा कोपरा कापला, ठसा मारला, आणि नियम मोडून की पाळून कोण जाणे, मला इंदूच्या हातात परत दिले. नवे पासबुक चकचकीत होते, यंत्रात सर्रकन गेले. त्यावर छापून आले, शालिनी पति दिवाकर मोहिते. मला त्याचा राग नाही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! लॉकर उघडला. इंदूने रजिस्टरात नवी सही केली. तिला वळण नव्हते.

नथ बाहेर आली. उदयसिंहजींनी मोती पुसले, फडके बांधले आणि बाहेर पडताना म्हणाले, "शालिनी, पायरी सांभाळ."

इंदू पायरीवरच थांबली. त्या एका शब्दाने तिचा चेहरा कसा झाला, ते मी तिच्या पर्समधून डोकावून पाहिले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच तर जास्त लागले.

"बाबा, तुम्ही तरी इंदू म्हणा ना."

"मस्टरवर नाही ना, बेटा," ते म्हणाले. "कशी हाक मारू?"

त्यांना तिला दुखवायचे नव्हते. जन्मभर त्यांनी मस्टरचा नियम पाळला होता, आणि म्हातारपणी माणसाजवळ नियमच उरतात. पण त्या नियमाने दोघांचे किती नुकसान झाले, ते मी रोज पाहते.

संहिताचे लग्न थाटात झाले. नथ तिला फार शोभली, असे सगळे म्हणतात. उदयसिंहजींनी ती आपल्या हाताने दिली. तांदळाचे ताट पुढे आले तेव्हा संहिता म्हणाली, "माझं नाव आईने ठेवलंय. बदलायचं असेल तर आधी तिला विचारा." सार्थक सासूबाईंकडे वळला. इंदूने फक्त मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने अंगठीने तांदळात 'संहिता' असेच लिहिले आणि त्याचीच साखर वाटली गेली. उदयसिंहजींनी त्या दिवशी साखर दोनदा मागून घेतली, असे दिवाकरराव घरी येऊन हसत सांगत होते. इंदू हसली नाही.

लॉकर आता रिकामा आहे. तरी बाप-लेक झांक्यांनंतर बँकेत जातात. दोघे सह्या करतात, रिकामा खण उघडून बंद करतात आणि शिकंजी पितात. उदयसिंहजी तिची विचारपूस करतात, गुडघ्याचे विचारतात, जावयाचे विचारतात. प्रेम कुठेही गेलेले नाही. फक्त हाक गेली आहे.

मित्रांनो, मी जुन्या काळचे पासबुक असले, तरी कागदपत्रे बदलू नका असे सांगणार नाही. नाव बदलले तर बँकेत जा, राजपत्र आणा, सगळ्या नोंदी वेळेवर नीट करून घ्या. तीस वर्षे ते लांबणीवर टाकले नसते, तर घाईची वेळच आली नसती. पण काउंटरवर जाण्याआधी एक काम करा. ज्यांनी ते नाव ठेवले, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आपल्या तोंडाने त्यांना सांगा. ते रागावतील, रडतील, कदाचित हो म्हणतील. पण कोणावरही आपल्या लेकीचे नाव शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात वाचायची पाळी आणू नका. आणि मोठ्यांनाही एक विनंती आहे. वाचलेच, तर ते कात्रीने कापून माझ्यासारख्या मुक्याच्या पोटात ठेवू नका. बोला.

मी आता महूला, इंदूच्या कपाटात राहते. घरी कोणी नसले, की दुपारी ती मला बाहेर काढते. पहिले पान उघडते. ठशावरून बोट फिरवत ती ते नाव हळूच वाचते, वडिलांच्या चालीत, बापाच्या नावासकट. एकदा वाचते. थांबते. दुसऱ्यांदा वाचते.

आणि मग त्या रिकाम्या खोलीत, अगदी स्पष्ट आवाजात म्हणते, "हाजिर."